दोनशे पंचवीस ओहम

सर्जेरावांनी माझ्या बापाला फसवलं. विहिरीवर तांब्याचा पत्रा पुरलाय असं तोंडानं सांगितलं आणि खड्ड्यात पुरली कुळवाची मोडकी पास, म्हणजे माती भुसभुशीत करायचं लोखंडी पातं. या गोष्टीला दुसरी बाजू नाही. कोणाला ती हवीच असेल तर त्यानं वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझ्या दुकानात यावं. मोटारी भरायच्या टेबलाच्या वर भिंतीला ती पास तारेनं टांगलेली आहे. कडा गंजून पापुद्र्यासारख्या सुटल्यात, मधला लोखंडाचा दांडा तेवढा शिल्लक आहे. गिऱ्हाइकं विचारतात, बाई, हे भंगार इथं कामून? मी सांगते, ते विकायचं नाही, तुमच्या मोटारीचं बोला. माझी जीभ तिखट आहे आणि सांगितलेल्या भावातून मी रुपया सोडत नाही हे चार तालुक्यांत माहीत आहे. ती सवय कुठून लागली ते मात्र कोणाला माहीत नाही, म्हणून हे प्रकरण.

आमचं घर गावाच्या कडेला, कालव्याच्या खालच्या अंगाला होतं. दोन खोल्या, वर पत्रे. पुढच्या खोलीत माणसं कमी आणि उघडलेल्या मोटारी जास्त. बापाला आम्ही दादा म्हणायचो, गाव सखाराम वायरमन म्हणायचं, आणि वरच्या आळीतले सख्या म्हणायचे. त्याच्याकडं लायसन नव्हतं, शाळेचा दाखलाही नव्हता, पण अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या निम्म्या शेतकऱ्यांच्या मोटारी त्याच्या हातावर फिरत होत्या. जळालेली मोटार आली की दादा तिचं जुनं वायंडिंग छिन्नीनं तोडून काढायचा आणि माय लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळायची. गुंडाळताना वेढे मोठ्यानं मोजायची. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, सगळं एका सुरात, न थांबता. मधे कोणी बोललं तर उत्तर द्यायची नाही, पुढचा आकडा जरा जोरात म्हणायची. सकाळी मला जाग यायची ती त्या आकड्यांनी. घराला वार्निशचा वास होता. तो भाकरीच्या पिठाला लागायचा, येसराच्या आमटीला लागायचा, शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरी नाक दाबायच्या. मला अजून वार्निशचा डबा उघडला की भूक लागते.

दादाला करंट कळायचा, भागाकार कळायचा नाही. त्याच्याकडं एकच किमती वस्तू होती, टाँग टेस्टर. चिमट्यासारखा जबडा असलेलं मीटर. वायरीभोवती जबडा मिटला की आतून किती अँपिअर चाललेत ते काट्यावर दिसतं, वायर तोडावी लागत नाही. काटा बारीक करंट दाखवायचा नाही, तेव्हा दादा त्या जबड्याला वायरीचे दहा वेढे घालायचा आणि आलेल्या आकड्याला दहानं भागायला मला सांगायचा. दहावी झाल्यावर माझं शिक्षण बंद झालं, पण हे सुरूच राहिलं. जेवताना घास हातात धरून तो विचारायचा, "इमल, दोनशे वीस व्होल्ट, साडेपाच अँपिअर. आडवायला किती?" आडवायला म्हणजे तार किती ओहमनं अडवते ते. मी म्हणायची, "चाळीस." "आन् खायला?" खायला म्हणजे किती वॅट खर्च होतात ते. भागायच्या ऐवजी गुणायचं. "बाराशे दहा." मंग तो खूश होऊन घास तोंडात घालायचा. एवढंच आमचं शास्त्र होतं. व्होल्टला अँपिअरनं भागलं की अडवणूक, गुणलं की खाणं. आता पोरं मोबाइल पुढं धरून मला आकडे दाखवतात. मी त्यांना म्हणते, आधी तोंडानं सांग, मंग तुझं यंत्र दाखव.

सर्जेराव गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या मळ्यात नवी विहीर झाली, पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवायची होती, काम दादाकडं आलं. दादानं आधीच सांगितलं, अर्थिंगला दोन फूट चौरस तांब्याचा पत्रा, पुरुषभर खोल खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी. पत्रा डोळ्यांनी बघितल्याबिगर तो वायर जोडायचा नाही. हा त्याचा नेम होता आणि त्यापायी त्यानं बरीच कामं घालवली होती. अर्थिंगचं काम काय ते इथंच सांगून टाकते. मोटारीत कुठं तार उघडी पडली आणि करंट लोखंडात उतरला, तर त्याला मातीत जायला मोकळी वाट पाहिजे. वाट मोकळी असली की करंट धो धो जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. वाट बंद असली की करंट लोखंडातच उभा राहतो आणि कोणाचा तरी हात लागायची वाट बघतो.

ठरल्या दिवशी दादा गेला, मी हत्यारांची पिशवी घेऊन सोबत होते. बघतो तर खड्डा बुजवलेला. वर ताजी माती, मातीतून एक जाड तार बाहेर आलेली.

दादा म्हणाला, "मालक, पत्रा बघायचा व्हता."

"कालच जालन्याहून आणला," सर्जेराव म्हणाले. "गडी रिकामे व्हते, म्हनून पुरून घेतला. कामून, भरोसा न्हाई का?"

"तसं न्हाई मालक. पर माझा नेम हाय. वरची माती काढतो, बघतो, पुन्हा बुजवतो. घंटाभराचं काम."

सर्जेराव हसले. "आधी च्या तर घेशील, सखाराम?"

सख्या नाही, सखाराम. आणि चहा आला. आमच्या माणसांसाठी त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असायचा. चहा पिऊन झाला की आपणच विसळून तो परत तिथं ठेवायचा, दादानं वर्षानुवर्षं त्यातच घेतला होता. त्या दिवशी घरातून कपबशी आली. पांढरी, काठाला निळी रेघ, बशीसकट. सर्जेरावांनी ती स्वतःच्या हातानं दादापुढं धरली आणि तसलीच दुसरी स्वतः तोंडाला लावली. दादानं बशी दोन्ही हातांनी धरली. बशीत न ओतता तो मालकासारखाच कपातून घोट घोट प्यायला. चहा संपला. मंग दादानं पिशवीतून पक्कड काढली आणि मातीतून वर आलेली तार जोडायला घेतली.

मी हळूच म्हणाले, "दादा, पत्रा?"

तो म्हणाला, "गप बस."

त्या कपबशीच्या बदल्यात त्यानं आपला नेम दिला. तेव्हापासून सौदा ठरायच्या आधी मी कोणाचा चहा घेत नाही. जालन्याचे तांब्याच्या तारेचे व्यापारी माझ्यापुढं कप सरकवतात, मी तो तसाच मागं सरकवते. त्यांना राग येतो. येऊ दे.

दादानं पद्धतशीर काम केलं. स्टार्टरची लोखंडी पेटी, मोटार बसवलेला सांगाडा, पत्र्याच्या शेडचं दार, सगळं एका तारेनं बांधून ती तार अर्थिंगला जोडली. पाणी आलं, ऊस वर आला. मोटार सर्जेरावांनी जुनीच आणली होती आणि ती आतून थोडी गळत होती, म्हणजे तिच्यातून अगदी बारीक करंट लोखंडात आणि तिथून मातीत उतरत होता. दादानं दोनदा सांगितलं, मोटार काढा, भरून देतो. सर्जेराव म्हणाले, ऊस वाळंल, तोडणी झाल्यावर बघू.

मळ्यात मारोती नावाचा सालगडी होता आणि त्याची बायको कौसा. दोघं शेडपासून हाकेच्या अंतरावर खोपटात राहायची. कौसामावशी अनवाणी हिंडायची. एका उन्हाळ्यात तिला शेडमागं अर्थिंग पुरलेल्या जागेवर, मोटार चालू असताना, तळपायाला मुंग्या आल्या. ती बाजूला झाली, मुंग्या गेल्या. पुन्हा उभी राहिली, पुन्हा आल्या. विहिरीच्या पाण्यात सात आसरा असतात, त्या बायामाणसाला हाक मारतात, हे तिला आईनं सांगितलेलं होतं. तिनं सात गोटे मांडले, शेंदूर लावला आणि रोज सकाळी त्या गोट्यांवर एक घागर पाणी घालायला लागली. तिथली माती भर वैशाखात काळी, ओली असायची. मी मुद्दाम एकदा चप्पल काढून उभी राहिले. आधी काही नाही. मंग टाचेतून काहीतरी वर आलं, जणू जमिनीखाली कोणी एका सुरात आकडे मोजत होतं आणि ते मला पायानं ऐकू येत होतं. मोटारीचा आवाज आणि तो आवाज एकच होता आणि एक नव्हता. मळ्यातलं कुत्रं त्या जागेला वळसा घालून जायचं. मुंग्यांची रांग ओल्या मातीच्या कडेपर्यंत यायची आणि तिथून मागं फिरायची. मला कारण माहीत होतं, तरी मानेवर काटा आला. त्या काट्याचा मला राग आला आणि तो राग मी मावशीवर काढला.

"मावशे, ही आसरा न्हाई, अर्थिंग हाय," मी म्हणाले. "करंट हाय तो. शेंदूर कामून फासून राह्यली?"

"मंग ही बोलती कशी?"

"मोटार गळून राह्यली म्हनून."

"गळतंय तर गळू दे की," मावशी म्हणाली. "पाणी घातलं की निवांत व्हती. न्हाई घातलं की तडतड करती. तू शिकलेली हाईस, तूच सांग, काय करू?"

शिकलेल्या मुलीनं काय सांगायला पाहिजे होतं? पाणी घालत राहा, शेंदूर लाव नाहीतर नको लावू, पण पाणी सोडू नकोस. दादानं सर्जेरावांना सांगितलेलं तेच होतं आणि ते काम मळ्यात एकटी कौसामावशी करत होती, कारण न कळता. पण मला तेव्हा जिंकायचं होतं. आमच्या घरात देव नव्हते, नवस नव्हते, आणि त्याचा मला ताठा होता. मी ते सात गोटे पायानं उडवले आणि म्हणाले, "बिलकुल घालू नको. याड्यासारखं करू नको." मावशीनं उडालेले गोटे पदरात गोळा केले. म्हणाली, "बरं बाई, न्हाई घालत." हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. गोटे उडवलेले गावाला कळले, पण पाणी मी तोडलं हे दादाला मी कधी सांगितलं नाही.

महिनाभरानं, भर दुपारी, मारोती मेला. शेडचं दार उघडायला गेला आणि दाराला चिकटून राहिला. मोटारीतली तार पूर्ण उघडी पडली होती. फ्यूज उडाला नाही, मोटार चालूच राहिली, पाटाला पाणी चालूच राहिलं. पाणी वाफ्यातून फुटून वाहायला लागलं तेव्हा कौसामावशी बघायला गेली. आम्ही पोचलो तेव्हा लाइन बंद केलेली होती, मारोती दाराशी पडलेला होता, आणि सगळीकडं इतकं शांत होतं की तापलेल्या पत्र्याचा टिकटिक आवाज येत होता. मावशी रडत नव्हती. ती शेडमागं जाऊन उभी होती, त्या जागेवर, अनवाणी. माती फुटून तिला बोटभर भेगा पडल्या होत्या. ती मला म्हणाली, "इमल, आता बोलत न्हाई ती."

पोलीस आले. पहिला प्रश्न, "दाराला वायर कोणी जोडली?"

दादा म्हणाला, "म्या."

हे खरंच होतं. माणूस वाचावा म्हणून दार अर्थिंगला बांधायचं असतं. अर्थिंग मेलेलं असलं की त्याच तारेनं करंट दारात येतो. पण ते तिथं कोणाला समजावायचं? लायसन नाही, दाराला वायर जोडलेली, दारावर माणूस मेलेला. शेडला कुलूप लागलं. तीन दिवसांनी वीजखात्याचे तपासणीचे साहेब येणार होते, तोपर्यंत दादानं गाव सोडायचं नाही. त्या दिवशी घरी आलो तेव्हा मायनं फर्मा हातात घेतला होता. एकसष्ट, बासष्ट म्हणाली आणि थांबली. मी जन्मात पहिल्यांदा तिचा आकडा अडलेला ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि मी मळ्यात गेलो. अर्थिंगची तार शेडच्या बाहेरून, मागच्या भिंतीवरून खाली मातीत गेली होती, तिला कुलूप नव्हतं. सोबत शेगडीची कॉइल आणि टाँग टेस्टर होता. आधी दादानं कॉइल खांबावरच्या दोन तारांना लावली. दोनशे वीस व्होल्ट, चार पूर्णांक चार अँपिअर. मी भागलं, पन्नास ओहम. कॉइल लालबुंद झाली. म्हणजे कॉइल स्वतः पन्नास अडवते. मंग मोटारीला बांधलेली तार सोडवून कॉइलचं एक टोक खांबावरच्या जिवंत तारेला आणि दुसरं अर्थिंगला लावलं, म्हणजे करंट कॉइलमधून मातीत उतरणार. कॉइल काळीच राहिली. काटा हलेना, म्हणून जबड्याला दहा वेढे घातले. काटा आठावर गेला. भागिले दहा, शून्य पूर्णांक आठ. मी दोनशे वीसला त्या आकड्यानं भागलं, दोनशे पंच्याहत्तर. त्यातले पन्नास कॉइलचे. राहिले दोनशे पंचवीस.

"तांब्याच्या पत्र्याला किती पाहिजे?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"चार. पाच. लई झालं तर आठ."

मी वहीत पुढं भागत गेले. दोनशे वीसला दोनशे पंचवीसनं भागलं की एक अँपिअरसुद्धा येत नाही. फ्यूज पंधराचा. एक अँपिअरला तो हलतही नाही. उलट आठ ओहम असते तर सत्तावीस अँपिअर गेले असते, फ्यूज डोळ्याचं पातं लवायच्या आत उडाला असता, मारोती जिवंत असता. मंग मी खाण्याचा हिशोब केला. कॉइलमध्ये बत्तीस वॅट, म्हणून ती काळी. आणि मातीत एकशे चव्वेचाळीस. आम्ही दोघं तिथं उन्हात उभे होतो आणि आमच्या पायाखाली, दिसत नाही असा एक मोठा दिवा जळत होता, माती आणखी सुकवत होता. दादानं हात खाली नेला, मातीपासून वीतभर वर थांबवला आणि मागं घेतला.

"खोदू," मी म्हणाले. "आत्ता खोदू. खाली पत्रा न्हाईच."

"आपण खोदलं तर म्हनतील, आपणच काढला," दादा म्हणाला. "सायबासमोर खोदू. आकडा हाय ना आपल्याजवळ? आकडा कुठं जात न्हाई."

त्याला अजून वाटत होतं की पत्रा असेल, तार तुटली असेल, काहीतरी झालं असेल. निळ्या रेघेची कपबशी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

साहेब आले त्या सकाळी अर्धं गाव मळ्यात होतं. मी वही छातीशी धरून पुढं गेले आणि शेडमागं वळताच थांबले. माती ओली होती. भेगा मिटल्या होत्या. चारी बाजूंना धूळ उडत होती आणि मधे ती एवढीच जागा काळीशार, फुगलेली, तिच्यातून उबट वास येत होता. सात गोटे पुन्हा मांडलेले, शेंदूर ताजा. आणि भोवतीच्या मऊ धुळीत एकाही पावलाचा ठसा नव्हता, येतानाचा नाही, जातानाचा नाही. बायका मागं सरकल्या. कोणीतरी म्हणालं, आसरा कोपली, गोटे उडवले तिनं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी ओरडले, "पाणी घातलंय कोणी! साहेब, परवा हे कोरडं ठणठणीत होतं."

साहेब शांत माणूस होते. म्हणाले, "अर्थिंगला पाणी घालायचंच असतं, बाई. चांगली गोष्ट आहे."

त्यांनी आपलं यंत्र लावलं, हँडल फिरवलं, कागदावर आकडा लिहिला. मी म्हणाले, खोदून बघा, नाहीतर आमच्या पद्धतीनं मोजून बघा. ते नाही म्हणाले नाहीत. दादानं कॉइल लावली. ती आधी गुलाबी झाली, मंग भर उन्हात लालबुंद झाली, ओल्या मातीच्या वर, गोट्यांच्या शेंदरासारखी. काटा वेढ्यांवाचून वर गेला.

"तीन पूर्णांक आठ," साहेब म्हणाले. "आता भाग."

मी सगळ्यांसमोर तोंडानं भागलं. दोनशे वीस भागिले तीन पूर्णांक आठ. सत्तावन्न पूर्णांक नऊ. वजा पन्नास. माझ्याच तोंडून निघालं, "आठ. आठाला कमीच."

"मग खोदायचं कशासाठी?"

"वहीत बघा साहेब, दोनशे पंचवीस."

"वही तुझी," ते म्हणाले. "त्यावर सही कोणाची आहे?"

सर्जेराव मागं उभे होते. पांढरं धोतर, हात मागं बांधलेले. मला दादाची भीती वाटत होती, तो कोसळेल, ओरडेल. मी त्याच्याकडं बघितलं. तो लाल कॉइलकडं बघत होता आणि त्याचा चेहरा सैल झाला होता. देवाशपथ म्हणणाऱ्या घरातली मी नाही, पण जे बघितलं ते सांगते, त्याच्या तोंडावर समाधान होतं. घरी परतताना कालव्याच्या पुलावर तो मला म्हणाला, "पत्रा खरा निघाला, इमल. मालकानं खोटं न्हाई केलं. माझ्याच हातून कुठंतरी चुकलं."

केस बरीच वर्षं चालली. शेवटी कोर्टानं त्याला सोडलं, त्यानं स्वतःला सोडलं नाही. टेस्टर पुन्हा हातात घेतला नाही. ओल्या मातीवर पाय पडला की उचलून घ्यायचा. जेवताना घास धरून बसायचा आणि काही विचारायचा नाही. माय आणि मी मोटारी भरत राहिलो, मी वडीगोद्रीला टपरी टाकली, टपरीचं दुकान झालं, आणि दादा एका दुपारी भिंतीकडं तोंड करून गेला, आपल्या हातानं मारोती मेला हे मनाशी धरून.

तो गेल्यावर तिसऱ्या वर्षी हायवे रुंद करताना सर्जेरावांची ती विहीर रस्त्यात गेली. जेसीबी चालू असताना मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. शेडमागच्या जागेवर बकेट खाली गेलं, कमरेइतकंच, पुरुषभर नाही, आणि तारेला लोंबकळत वर आली ती कुळवाची पास. ड्रायव्हर म्हणाला, भंगार हाय, मावशी, न्या. मी ती पदरात गुंडाळली आणि तशीच अंकुशनगरला गेले. कौसामावशी तिथं लेकीकडं होती, डोळ्यांनी अधू झालेली. मी पास तिच्या हातात दिली. तिनं बोटांनी चाचपली आणि ओळखली, "ही तं मारोतीच्या कुळवाची."

"मावशे, त्या टायमाला पाणी कोणी घातलं?"

ती लपवत नव्हती. तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. "म्याच घातलं. साहेब यायच्या आदल्या सांजंला मालक सोता आल्ते खोपटात. म्हनले, कौसे, मारोती पाण्यापायी तळमळून राह्यला, आसराला दहा घागरी घाल. मीठ बी त्यांनीच दिलं, पायलीभर. म्हनले, पाण्यात कालवून घाल. आन् येताना फांदीनं पाय पुसत ये, आसराच्या जागंला माणसाचं पाऊल दिसू नये." मंग तिनं विचारलं, "निवांत झाला का गं मारोती?"

मी हो म्हणाले. आयुष्यात मी विनामोबदला दिलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

म्हणजे सर्जेरावांना सगळं माहीत होतं, मीठपाणी प्यालेल्या मातीत लोखंडाची पाससुद्धा पत्र्यासारखा करंट उतरवते हेही. उन्हाळ्यात पाणी घाला, हे दादानं सांगितलेलं त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं, आणि मारोती जिवंत असेपर्यंत घातलं नव्हतं. मी मावशीचं पाणी तोडलं, तो माझा गुन्हा, तो मी वर माझ्या अक्षरात लिहिला आहे आणि खाली सही करायला तयार आहे. वहीवर सही पाहिजे असते, हे मी शिकले आहे.

सर्जेराव अजून आहेत. जालन्यात मुलाच्या बंगल्यात राहतात, सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसतात, असं ऐकते. मी दोनदा फाटकापर्यंत गेले, दोन्ही वेळा आतून निरोप आला, आबांना बरं नाही. म्हणून लिहून विचारते. पत्र्याचं उत्तर नको, ते माझ्या भिंतीवर टांगलेलं आहे. पाण्याचंही नको, ते कौसामावशीनं दिलं. कपबशीचं द्या. तुम्ही माझ्या बापाला सखाराम म्हणालात आणि घरातला कप त्याच्यापुढं धरलात, तेव्हा पास मातीखाली गेलेली होती. तो कप तुम्ही आधीच ठरवून बाहेर मागवला होता, का त्या क्षणापुरता तरी तो खरा होता? माझा बाप मरेपर्यंत त्याला खरा समजला. माणूस मेला तरी तो कप खोटा होता असं त्यानं म्हटलं नाही, खुनी स्वतःला म्हटलं. सर्जेराव, तोंड उघडा आणि सांगा. यात मी काही कमी करणार नाही.